पाणी लागू नये असा बोअर

लातुरात कुणी “बोअर घेतला” असं सांगितलं, की ऐकणारा लगेच विचारतो, “किती फुटांवर पाणी लागलं?” २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे या शब्दाचा दुसरा अर्थ चटकन सुचत नाही. पण याच शहरातल्या लेथच्या दुकानात शिरा, नाहीतर नांदेडला इंजिनकाम करणाऱ्या एखाद्या उस्तादाकडे जा. तिथेही बोअरच घेतले जातात, फक्त लोखंडात, आणि तिथे पाणी लागू नये म्हणून जीव मुठीत धरलेला असतो. सिलिंडरच्या भिंतीपलीकडे, काही मिलिमीटरवर, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळत असतं. भिंत किती उरली आहे हे न पाहता हत्यार चालवलं, की ते पाणी आत येतं, ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइलचा चहा होतो.

आमच्या घरच्या फियाटचा ब्लॉक असाच गेला. आधी दोनदा बोअर झालेलं इंजिन होतं. मला त्याहून मोठे पिस्टन बसवायचे होते. “भिंत मोजली का?” असं मला विचारलं गेलं होतं. मी मोजली नव्हती, तरी कापायला लावली. घाई माझी होती. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली नवी नळी, टाकून काही ब्लॉक वाचतात. आमचा वाचला नाही, कारण तडा दोन सिलिंडरांच्या मध्ये गेला होता. त्या ब्लॉकचा एक तुकडा मी कापून ठेवला आहे. एका अंगाने तो आरशासारखा गुळगुळीत आहे, दुसऱ्या अंगाने गंजाने खडबडीत, आणि मधली जाडी नखाएवढी. हे पुस्तक लिहिताना तो समोर होता.

या विषयाचा पाया दोन मापांचा आहे. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढं अंतर चालतो, तो स्ट्रोक. सिलिंडरमध्ये किती हवा आणि पेट्रोल ओढलं जाणार, ते या दोन मापांवरून ठरतं. त्यालाच आपण सीसी म्हणतो. पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोचलेल्या फियाट ११०० चं उदाहरण घेऊ. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. मिळून १०८९ सीसी. बोअर १ मिलिमीटरने वाढवला तर ११२२ सीसी होतात. बोअर तसाच ठेवून स्ट्रोक २ मिलिमीटरने वाढवला तर १११९. दोन्ही केलं तर ११५२. बोअरचा वाटा मोठा दिसतो, कारण हिशेबात व्यासाचा वर्ग येतो. स्ट्रोक मात्र जेवढा वाढला तेवढीच वाढ देतो. जुन्या गाडीचं इंजिन असं दोन्ही अंगांनी वाढवून नव्याने बांधणं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा उद्योग फक्त हौशी लोकांचा आहे, असा एक समज आहे. खरं तर कारखाने स्वतः हेच करत आले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आपल्या रस्त्यांवर आली. तिच्या इंजिनाचं ६८ बाय ७५ हे माप इटलीत १९३७ मध्ये ठरलेलं होतं. पद्मिनीने ते एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जपलं. इटलीत मात्र फियाटने १९५७ मध्ये १२०० नावाची गाडी काढली. तिचा स्ट्रोक तोच, ७५, बोअर ७२, सीसी १२२१. अँबॅसेडरचं घराणंही असंच आहे. तिचं १४८९ सीसीचं इंजिन मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. त्याच इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटरवर कायम ठेवून इंग्लंडमध्ये बोअर वाढत गेला आणि १९६२ च्या एमजीबी या स्पोर्ट्स गाडीत ते १७९८ सीसीचं झालं.

याहून जवळचं उदाहरण आपल्या शेतात आहे. विहिरीवर धडधडणारं किर्लोस्करचं एव्ही-१ हे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन ८० बाय ११० मिलिमीटरचं, ५५३ सीसीचं. त्याचं मोठं भावंड टीव्ही-१. त्याचा स्ट्रोक तेवढाच, बोअर ८७.५, आणि सीसी ६६१. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांनी लहानपणी ज्या इंजिनाचं हँडल फिरवलं, त्याच घराण्यात हा धडा मांडलेला होता.

पण कारखाना बोअर वाढवतो तेव्हा त्याच्या हातात साचा असतो. तो ब्लॉकचं ओतकाम बदलू शकतो, भिंत जाड करू शकतो, सिलिंडरांमधली पाण्याची वाट बंद करून तिथे लोखंड भरू शकतो. वर सांगितलेल्या ब्रिटिश इंजिनाचा बोअर एवढा वाढला तो अशाच बदलांमुळे. आपल्या हाती येतो तो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ओतलेला ब्लॉक. त्यात लोखंड घालता येत नाही, फक्त काढता येतं. कारखान्याच्या आणि गॅरेजच्या कामात हा मूळचा फरक आहे, आणि पुढच्या सगळ्या खबरदाऱ्या त्यातूनच निघतात.

जगात या कामाच्या तीन मोठ्या परंपरा दिसतात. प्रत्येक परंपरा हाताशी काय होतं त्यातून घडली. अमेरिकेत १९३२ पासून फोर्डचं स्वस्त व्ही-८ इंजिन होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांच्या लक्षात आलं, की १९४९ च्या मर्क्युरी गाडीचा ४ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणारा दांडा) फोर्डच्या पावणेचार इंच स्ट्रोकच्या ब्लॉकमध्ये बसवता येतो. पुढे शेव्हरोलेच्या ३५० घन इंची ब्लॉकमध्ये ४०० घन इंची इंजिनाचा क्रँक, त्याचे ब्लॉकमध्ये फिरणारे भाग, म्हणजे मेन जर्नल, घासून, बसवण्याची रीत रूढ झाली. ब्लॉकचा बोअर तीस हजारांश इंचाने वाढवला की ते इंजिन ३८३ घन इंचांचं होतं, आणि हा आकडाच त्या परंपरेची ओळख ठरला. एका घरचा क्रँक दुसऱ्या घरच्या ब्लॉकमध्ये घालणं, ही अमेरिकेची वाट.

इंग्लंडमध्ये इंजिनं लहान आणि पेट्रोल महाग. तिथे मिनी गाडीच्या १२७५ सीसी इंजिनाचा बोअर ७०.६ वरून ७३.५ मिलिमीटरवर नेऊन १३८० सीसी करण्याची रीत पडली, आणि तिच्या जोडीला हेडच्या वाटा घासून हवा मोकळी करण्याचं बारीक काम आलं. तिसरी परंपरा फोक्सवॅगन बीटलची. ते इंजिन हवेने थंड होतं, सिलिंडर सुटे असतात, म्हणून भिंत कापण्याऐवजी सिलिंडरच मोठा बसवायचा. ८५.५ च्या जागी ९०.५ मिलिमीटरचा सिलिंडर आला, की १५८४ चे १७७६ सीसी होतात. आपल्याकडे शर्यतीसाठी इंजिन बांधण्याचं शिक्षण मुख्यतः मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर झालं. तिथे फियाट गाड्या वर्षानुवर्षं धावल्या.

मराठवाड्याची वाट या तिन्हींहून वेगळी आहे. आपल्याकडे बोअर घेतला गेला तो दुरुस्तीसाठी. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ते-वाहतूक खातं सुरू केलं, तेव्हापासून या मुलखात मोटारदुरुस्तीचे हात घडत आले. मग महिंद्राच्या जीप आल्या, विहिरींवर ऑइल इंजिनं आली, ट्रक आणि ट्रॅक्टर आले, खेड्यांना जोडणाऱ्या काळी-पिवळ्या आल्या. यातलं कोणतंही इंजिन ऑइल खाऊ लागलं, धूर मारू लागलं, की ते खोलायचं, बोअर घ्यायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे. त्याची शिडी ठरलेली: स्टँडर्ड, मग दहा, वीस, तीस, चाळीस. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. चाळीस म्हणजे सुमारे १ मिलिमीटर. चाळीसही संपले की लायनर टाकून पुन्हा स्टँडर्डवर यायचं. अशा रीतीने एकच ब्लॉक दोन पिढ्या पुरायचा. ज्या भागात पैसा पावसावर येतो, तिथे वस्तू पुरवून वापरण्याची ही विद्या होती.

या विद्येची भाषाही इथली आहे. नांदेडला हाताखालचा मुलगा उस्तादाला मायक्रोमीटर आणून देतो आणि आकडा दखनीत सांगतो. लातुरात तोच आकडा मिस्त्री मराठीत ऐकतो. सुटे भाग आणायला नांदेडचा माणूस हैदराबादचा रस्ता धरतो, लातूरचा सोलापूर-पुण्याचा. दोघांच्या बोलण्यात फरक आहे, पण एका गोष्टीवर दोघेही ठाम असतात: लोखंड कापण्याआधी तीन ठिकाणी माप घ्यायचं, वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी.

दुरुस्तीच्या या प्रवाहाशेजारी दुसरा प्रवाह वाहिला तो बदलाचा. पेट्रोल परवडेना तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं. अँबॅसेडरला कंपनीनेच १८१७ सीसीचं इसुझु इंजिन दिलं. पूर्ण इंजिन बदलणं कित्येकदा सोपं आणि स्वस्त पडतं. मग आहे तेच इंजिन वाढवायचं कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारेल. माझं उत्तर असं, की जुन्या गाडीचा स्वभाव तिच्या इंजिनात असतो. पद्मिनी चालू करताना येणारा आवाज, तिचा कमी वेगातला ओढा, बॉनेटखालची ओळखीची मांडणी, हे सगळं ठेवून तिला आजच्या रस्त्यावर थोडा दम द्यायचा असेल, तर तिसरा प्रवाह उरतो: वाढीचा. मराठीत त्याच्यावर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि दुरुस्तीच्या शिस्तीवाचून तो निभत नाही, असं मी मानतो. शर्यतवाल्याची हाव आणि मिस्त्रीचा धीर यांत निवड करायची वेळ आली, तर या पुस्तकात प्रत्येक वेळी धीर निवडला आहे.

ही शिस्त कशासाठी लागते, ते थोडं सविस्तर सांगतो. ओतकामाच्या वेळी साच्यातला वाळूचा गाभा किंचित सरकला, तर सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. बाहेरून ते दिसत नाही. त्यात आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतण्याची सवय. क्षार थर धरतात, गंज भिंत मागून खात राहतो. म्हणून आधी ब्लॉक उकळत्या द्रावणात साफ करायचा, दाब देऊन तडे तपासायचे, आणि अल्ट्रासोनिक जाडीमापकाने प्रत्येक भिंत चारी बाजूंनी मोजायची. सर्वांत पातळ जागा किती सोसेल त्यावर बोअर ठरतो, सरासरीवर नाही. पातळ भिंत फुटली नाही तरी स्फोटाच्या दाबाने ती वाकते, रिंगा तिला नीट चिकटत नाहीत, आणि एवढा खर्च करून बांधलेलं इंजिन पुन्हा ऑइल खाऊ लागतं.

स्ट्रोकचं काम याहून नाजूक. दुसरा क्रँक मिळत नसेल, तर आहे त्याच क्रँकचा कनेक्टिंग रॉड बसतो तो जर्नल मध्य सरकवून घासतात. जर्नलचा व्यास २ मिलिमीटरने कमी केला, तर स्ट्रोक जास्तीत जास्त २ मिलिमीटर वाढतो. पिस्टन मग १ मिलिमीटर वर जातो आणि १ मिलिमीटर खाली. वर गेलेला पिस्टन व्हॉल्व्हला किंवा हेडला भिडू नये म्हणून गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) वर सरकवलेला पिस्टन घ्यावा लागतो, नाहीतर आखूड रॉड. रॉडचं मोठं टोक आता अधिक रुंद वर्तुळात फिरतं. ते ब्लॉकच्या कडेला किंवा कॅमशाफ्टला लागतं का, हे इंजिन हाताने फिरवून पाहायचं. पिस्टनवर मऊ मातीचा थर देऊन हेड बसवायचं, इंजिन दोनदा फिरवायचं आणि हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजायची, ही जुनी युक्ती आजही सर्वांत खात्रीची. घासलेल्या जर्नलचा वरचा कडक थर निघून जातो, म्हणून तो पुन्हा कडक करून घ्यायचा. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायची, कारण क्रँक तुटतो तो तिथूनच.

आणि एका मापाला हात लावला की बाकीची मापं हलतात. समजा, फियाटच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८ ला १ आहे आणि हेडची पोकळी तीच ठेवून बोअर ७२ केला. दर सिलिंडरमागे २७२ सीसीच्या जागी ३०५ सीसी दाबले जाणार, कॉम्प्रेशन ८.८५ च्या आसपास जातं. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ च्या वर असताना, चार माणसं बसवून चढावर तेच इंजिन नॉकिंग करू लागेल, म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप पेटून ठोके मारेल. स्ट्रोक वाढला की पिस्टनचा वेगही वाढतो: मिनिटाला ५००० फेऱ्या असताना ७५ मिलिमीटर स्ट्रोकचा पिस्टन सेकंदाला सरासरी १२.५ मीटर धावतो, ७७ चा १२.८. कार्बुरेटरचे जेट, रेडिएटर, क्लच, आणि सगळ्यांच्या आधी ब्रेक, या प्रत्येकाचा विचार नव्याने करावा लागतो. इंजिन वाढवून ब्रेक तेच ठेवणाऱ्याला या पुस्तकाची साथ मिळणार नाही.

हे सगळं आता लिहिण्याला कारणं आहेत. पहिलं कारण इंधनाचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हची बैठक त्या शिशाच्या आधाराने टिकत होती. ती आता कडक धातूची करून घ्यावी लागते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. उसाचा हा मुलूख इथेनॉलला परका नाही. इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होतात आणि मिश्रणात इंधनाचं प्रमाण वाढवावं लागतं. उलट नॉकिंग सोसण्याची त्याची ताकद जास्त आहे, म्हणून वाढलेल्या कॉम्प्रेशनला ते सोयीचं पडतं. वीस वर्षांपूर्वीचा अंदाज घेऊन आज इंजिन बांधता येत नाही.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. सीसी हा त्यातलाच एक तपशील. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद झाली, पण तिथेही गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून एमएच २४ असो की एमएच २६, लोखंड कापण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. परवानगीशिवाय वाढवलेलं इंजिन हे बंद आवारातल्या शर्यतीचं किंवा प्रयोगशाळेचं इंजिन असतं, रस्त्याचं नसतं.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त टोचतं. हे काम जाणणारे हात कमी होत आहेत. बऱ्याच नव्या इंजिनांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात, काहींना आतून लेप असतो. बिघडलं की पूर्ण ब्लॉक बदलायचा. बोअरिंग मशीनला काम उरत नाही. त्याच वेळी नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलं इंजिनाची सूत्रं शिकतात, चाचणीच्या बाकावर तेच किर्लोस्करचं इंजिन चालवतात, आणि दोन किलोमीटरवरच्या लेथच्या दुकानात कधी जात नाहीत. सूत्र एका बाजूला राहतं आणि हात दुसऱ्या बाजूला. या दोघांना एका टेबलावर बसवण्यासाठी मी हे लिहिलं.

म्हणून पुस्तकाची मांडणी कामाच्या ओघाने आहे. आधी पाहणी आणि मोजणी, मग हिशेब, मग कापणं, शेवटी जोडणी आणि पहिल्या हजार किलोमीटरची राखण. उदाहरणं फियाट, अँबॅसेडर, जीप आणि मारुती ८०० यांची, कारण आपल्या अंगणात याच गाड्या उभ्या आहेत. शब्द दुकानात बोलले जातात तेच ठेवले. गजन पिनला गजन पिनच म्हटलं. जास्तीत जास्त ताकद कशी काढावी, याची कृती इथे मिळणार नाही. किती वाढवलं तर ते इंजिन पुढची पंधरा-वीस वर्षं विनातक्रार चालेल, ती सीमा शोधायला हे पुस्तक मदत करेल. आणि मोजल्यावर एखाद्या ब्लॉकला हात न लावणंच बरं असं दिसलं, तर तसं सांगण्यात पुस्तक कचरणार नाही.

नांदेडच्या एका वयस्क उस्तादांनी मला त्यांची वही दाखवली. गाडीचं नाव, तारीख आणि प्रत्येक सिलिंडरची सहा मापं. आकडे उर्दूत, शेरे मोडक्यातोडक्या मराठीत. काही पानांवर मापांपुढे फक्त एक शब्द होता: “नको”. त्या गाड्यांचे ब्लॉक त्यांनी कापले नाहीत, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी. त्या वहीवरून तयार केलेला कोरा तक्ता या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापला आहे. चार सिलिंडर, प्रत्येकी सहा मापं, भिंतीची सर्वांत कमी जाडी, आणि शेवटी निर्णयासाठी एक रिकामी ओळ. माझ्या फियाटच्या वेळी असा तक्ता माझ्यापुढे असता, तर त्या ओळीत मलाही तोच शब्द लिहावा लागला असता, आणि ती गाडी आज चालत असती. पेन्सिल घ्या आणि तो आधी भरा.